यजमान मराठी, व्हिसा ओ-पेअरचा

प्रश्न: मी २६ वर्षांची आहे. जर्मनची ए-१ ही पहिल्या पातळीची परीक्षा पास झाले. वर्षभर ओ-पेअर म्हणून, म्हणजे यजमान कुटुंबात राहून हातखर्चावर मुलं सांभाळत, जर्मनीत राहायचं, काम करायचं आणि भाषा पक्की करायची, असं ठरवलंय. एजंटने तिथे स्थायिक झालेलं एक मराठी कुटुंब मिळवून दिलं आहे. दोन मुलं सांभाळायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आजींचं बघायचं. करारात आठवड्याला ४५ तास काम, 'भाषाशिक्षण घरीच' आणि वर्षाआधी सोडल्यास ३ लाख रुपये दंड असं लिहिलंय. फीचे ८० हजार दिलेत. माझी मूळ प्रमाणपत्रं आणि सही केलेला एक कोरा चेक एजंटकडे आहे. व्हिसाच्या मुलाखतीत 'कुटुंबाची मातृभाषा जर्मन आहे' असं सांग, असं तो म्हणतो. चार महिन्यांनी मला २७ पूर्ण होतील म्हणून त्याची घाई चालली आहे. घरचे म्हणतात, आपलीच माणसं आहेत, काळजी कसली. सही करू का?

उत्तर: नाही. सही करू नका, आणि मुलाखतीत ते वाक्य तर अजिबात बोलू नका.

आधी व्हिसाचं. ओ-पेअरचा नियम जर्मनीच्या रोजगार नियमावलीच्या कलम १२ मध्ये आहे. यजमान कुटुंबाची मातृभाषा जर्मन असली पाहिजे. मातृभाषा दुसरी असून घरात जर्मन बोलत असतील तरीही परवानगी मिळू शकते, पण मग ओ-पेअर यजमान आई-वडिलांच्या मायदेशातली असून चालत नाही. म्हणजे हे कुटुंब घरात एकमेकांशी जर्मनमध्ये बोलत असलं, तरी तुमच्यासाठी तो दरवाजा बंदच आहे. एजंटला हे ठाऊक आहे, म्हणूनच तो 'मातृभाषा' हा शब्द तुमच्या तोंडी घालतोय. व्हिसासाठी खोटी माहिती देणं हा जर्मन निवास कायद्याच्या कलम ९५ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. ती तुमच्यावर येऊ शकते, कारण अर्जावर सही तुमची असते.

व्हिसा नाकारला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. तुमच्या हातात चारच महिने असताना चुकीच्या अर्जावर ते घालवणं परवडणारं नाही.

हा नियम मला मनापासून पटतो. तुम्ही त्या घरात सकाळी मुलांना मराठीत उठवाल, दिवसभर आजींशी मराठीत बोलाल आणि रात्री थकून झोपाल. ज्या भाषेसाठी निघालात ती कानावर पडणार तरी कधी? कुटुंब चांगलं असेलही. प्रश्न त्यांच्या चांगुलपणाचा नाहीच.

आता करार. ओ-पेअरचं काम दिवसाला जास्तीत जास्त ६ तास आणि आठवड्याला ३०. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा, स्वतंत्र खोली, महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी महिन्याला वेगळे पैसे, आणि आजारपण व अपघाताचा विमा यजमानांच्या खर्चाने. काम म्हणजे मुलं सांभाळणं आणि हलकंसं घरकाम. अंथरुणावरच्या माणसाची शुश्रूषा त्यात बसत नाही, ती पगारी नोकरी आहे. तुम्ही पाठवलेल्या कराराच्या प्रतीतलं कलम ७ म्हणतं, 'ज्येष्ठ व्यक्तीची रात्रीची देखरेख आवश्यकतेनुसार'. आवश्यकता कोण ठरवणार, ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन माणसांचं काम हातखर्चात करून घ्यायचा हा बेत आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

सगळ्यात तातडीची गोष्ट मात्र कोऱ्या चेकची आहे. सही करून कोरा चेक दिला, की वरचा तपशील भरायचा अधिकारही आपणच दिला, असं परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेकबाबतच्या कायद्याच्या, कलम २० मुळे मानलं जाऊ शकतं. स्वखुशीने दिलेल्या अशा चेकवरही देणं आहे असंच गृहीत धरलं जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग खटल्यात सांगितलं. ते खोटं ठरवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. नुसतं बँकेत जाऊन 'स्टॉप पेमेंट' केल्याने सुटका होत नाही, तसा परत आलेला चेकही याच कायद्याच्या कलम १३८ खाली, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो. म्हणून आधी लेखी पुरावा उभा करा. एजंटला ईमेल आणि स्पीड पोस्टने एकच पत्र पाठवा: हा चेक तारण म्हणून कोरा घेतला होता, माझं कोणतंही देणं नाही, चेक व प्रमाणपत्रं सात दिवसांत परत करा. पत्राची प्रत बँकेला देऊन मग पेमेंट थांबवा. तरीही चेक न वटल्याची नोटीस आलीच, तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

प्रमाणपत्रं अडवून ठेवण्याचा हक्क एजंटला नाही. करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये तसा सर्वसाधारण हक्क बँकर, वकील अशा मोजक्यांनाच दिलाय, त्यात एजंट नाही. मागूनही देत नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, विश्वासघाताची तक्रार पोलिसांत करा. ३ लाखांच्या दंडाला घाबरू नका. करारावर तुमची सही नाही, आणि असती तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती रक्कम ही वरची मर्यादा असते, न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. फीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही.

वय ही मात्र खरी अडचण आहे. अर्जाच्या वेळी २७ पूर्ण झालेले चालत नाहीत, तेव्हा जर्मन मातृभाषेचं कुटुंब आजपासूनच शोधायला लागा. नाहीच जमलं तरी वर्ष वाया गेलं असं समजू नका. जर्मनीच्या केंद्रीय स्वयंसेवा योजनेला, म्हणजे बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्टला, वयाची वरची अट नाही. रुग्णालयात किंवा बालवाडीत दिवसभर जर्मन माणसांतच वावरायला मिळतं. भाषावर्गाचा व्हिसा घेतला, तर त्यावर आठवड्याला २० तास नोकरी करता येते. फक्त राहण्याच्या खर्चाची तजवीज आधी दाखवावी लागते. तुमच्या हेतूला मला स्वयंसेवेचा रस्ता अधिक जवळचा वाटतो.

पत्र आजच लिहा. चेकबुकच्या अधकट्टीवर त्या चेकचा नंबर असेल, तो पत्रात न विसरता टाका.