लेस 'विणतात' का 'गुंफतात', आणि लेसला जाळी म्हणावं का?

प्रश्न असा आहे की पोर्तुगालच्या किनाऱ्यावर पेनिश म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, तिथल्या बायका हाताने जी लेस करतात तिच्याबद्दल मराठीत लिहायचंय, तर क्रियापद कुठलं घ्यायचं आणि लेसला सरळ 'जाळी' म्हटलं तर चालेल का.

'विणतात' बिनधास्त लिहा. आपलं विणणे फार मोठ्या मनाचं आहे, त्यात कापड, स्वेटर, खाट, टोपली आणि मासे पकडायचं जाळं सगळं बसतं. पेनिशची लेस बॉबिनची, पोर्तुगीजमधे 'रेंद द बिल्रुश'. लोडासारखी गोल उशी, तिच्यावर नक्षीचा टोचलेला पुठ्ठा, भोकांत टाचण्या, आणि धाग्याचं प्रत्येक टोक एकेका लाकडी बॉबिनला गुंडाळलेलं. एका वेळी बॉबिनच्या दोन जोड्या घ्यायच्या, धागा धाग्यावरून न्यायचा नाहीतर पीळ द्यायचा, बस, मूळ हालचाली दोनच, सगळी नक्षी त्यातूनच निघते. हे वेणी घालण्याच्या जवळ जातं, त्यामुळे कोणी 'गुंफतात' लिहिलं तरी मी भांडणार नाही. पण 'भरतात' नको, भरायला आधी कापड लागतं, इथे कापडच नाही. इटलीतल्या बुरानो बेटावरची लेस मात्र सुईची, काजाच्या टाक्यांची, तिथे 'टाके घालतात' हेच बरोबर, आणि शेवटी टाक्यांखाली कापड उरत नाही म्हणून त्या जुन्या पद्धतीचं नावच 'पुंतो इन आरिया', म्हणजे हवेतला टाका.

बॉबिन म्हटलं की आपल्याला शिलाई मशीनच आठवतं, म्हणून मी 'कांडी' सुचवेन. हातमागावर आडव्या धाग्याच्या कांड्या भरतात तोच शब्द, अगदी तीच वस्तू नाही पण लाकडी आणि धागा गुंडाळलेली एवढं कळतं.

आता जाळी. पोर्तुगीजमधे म्हण आहे, 'ओंद आ रेदश, आ रेंदश', जिथे मासेमारीची जाळी तिथे लेस. त्यांचा खेळ रेदश-रेंदश या उच्चारांवर चालतो, पण मराठीत तो आयताच मिळतो बघा, कारण जाळं या नपुंसकलिंगी शब्दाचं अनेकवचन जाळी, आणि नाजूक नक्षीची ती स्त्रीलिंगी एकवचनी पण जाळीच! 'जिथे जाळी तिथे जाळी'. भाषांतरात एवढं फुकट सहसा मिळत नाही, त्यामुळे म्हण देताना हे जरूर वापरा.

बाकी मजकुरात लेसच ठेवा. नुसतं जाळी लिहिलंत तर वाचक खिडकीची जाळी, करवंदाची जाळी, कुठेही जाईल. आणि लेस परका म्हणून टाळायचं असेल तर बुटाच्या लेसलाही टाळावं लागेल, कारण दोन्ही मुळात एकच शब्द, लॅटिन 'लाक्वेउस' म्हणजे फास, त्यावरून आलेला. अनेकवचन तेवढं 'लेसेस' करू नका, चार लेस म्हटलं तरी कळतं.