लाकडी बाणाची शेपटी निमुळती करताना

प्रश्न : हौस म्हणून मी चाळीस पौंडी, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं, लाकडी धनुष्य चालवतो. बाणांसाठी पाइनच्या ८.७ मि.मी. जाडीच्या गोल दांड्या मिळाल्या आहेत. मागचा भाग निमुळता केला तर बाण चांगला जातो, असं जाणकार सांगतात. त्याचं तयार अवजार परदेशातून मागवणं परवडत नाही. दांडी ड्रिल मशिनमध्ये धरून पॉलिश पेपर लावून पाहिला, पण प्रत्येक दांडी वेगळीच होते. घरच्या घरी नीट कसं जमवावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं मशिन बाजूला ठेवा. ड्रिलमध्ये फिरणाऱ्या दांडीवर कागद किती दाबला जातो, हे बोटांवर ठरतं, आणि बोटं दर वेळी वेगळी दाबतात. शिवाय लांब दांडी फिरताना थरथरते, कागदाखाली तापते आणि मऊ जागी जास्त झिजते. जाड दांडी थोडी बारीक करायला ही रीत चालेल, पण ठरलेला उतार द्यायला नाही.

उतार हवा कशासाठी, ते आधी पाहू. दोरी सुटली की बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालत, लवत पुढे जातो. शेपूट हलकं आणि लवचीक असेल तर ही लवलव लवकर थांबते, पिसंही दांड्याला कमी घासतात. शेवटच्या २३ सें.मी.मध्ये जाडी ८.७ वरून ८ मि.मी. केली तर पाइनच्या दांडीचं वजन साधारण अर्धाच ग्रॅम उतरतं, पण ते शेपटाकडून उतरत असल्याने तोल पुढे सरकतो. खरी गोष्ट ताठपणाची आहे. गोल दांडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. म्हणून ८.७ चे ८ झाले की शेपटाच्या टोकाशी ताठपणा सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. नुसती ०.१ मि.मी.ची चूक झाली तरी चार-पाच टक्के इकडेतिकडे होतात. तेव्हा उतार नेमका किती द्यायचा यापेक्षा सगळ्या बाणांना तो सारखा मिळणं महत्त्वाचं, आणि सारखेपणा हातानं नाही, साच्यानं येतो.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यात हजारो बाण सापडले, बहुतेक पॉप्लरच्या लाकडाचे, आणि त्यांतल्या अनेकांची दांडी शेपटाकडे निमुळती होत गेलेली आहे. विजेशिवाय, हातानं केलेलं काम ते. तुमच्या माझ्या घरात ते न जमण्याचं काही कारण नाही.

साचा असा करा. सागाच्या दोन सरळ पट्ट्या घ्या, लांबी दांडीपेक्षा थोडी जास्त. दोन्हींची एकेक कड ४५ अंशांत रंधून घ्या आणि कडा समोरासमोर ठेवून पट्ट्या प्लायवूडवर चिकटवा. मधे व्हीच्या आकाराची ९० अंशांची खोबण तयार होईल. दांडी या खोबणीत बसते. आता खोबणीच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद पट्ट्या लावा. या पट्ट्या म्हणजे रंध्याचे रूळ. त्यांच्यातलं अंतर रंध्याच्या पात्याच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे रंधा आपल्या कडांवर रुळांवरून सरकेल आणि पातं फक्त दांडीला लागेल. पातं रुळाला लागत राहिलं तर साचा पहिल्याच दिवशी संपला.

रुळांची उंची ठरवण्यासाठी आकडेमोडही लागत नाही. शेपटापासून २३ सें.मी.वर एक रेघ मारा. त्या रेघेवर खोबणीत तुमची मूळ दांडी ठेवा आणि रुळांवर आडवी पोलादी पट्टी टेकवा. पट्टी दांडीला नुसती स्पर्शली पाहिजे, अडता कामा नये. शेपटाच्या टोकाशी दांडीऐवजी ८ मि.मी.च्या ड्रिल बिटाचा मागचा गुळगुळीत भाग खोबणीत दांडीसारखाच लांबीत ठेवा आणि तीच परीक्षा घ्या. दोन जागांमध्ये रुळाच्या उंचीचा फरक साधारण ०.८५ मि.मी. येईल. रूळ तेवढाच रेघेपासून शेपटाकडे उतरत आणा. मी रूळ शिसमाचे करतो, कारण ते झिजत नाहीत आणि वर मेण लावलं की रंधा सुळकन सरकतो. शेपटाच्या टोकाला खोबणीत एक ठोकळा बसवा, दांडी त्यावर टेकेल.

दांडीवर आधी पेन्सिलीनं लांबीत एक रेघ मारून ठेवा, म्हणजे फिरवताना किती वळली ते कळतं. लहान हातरंधा वापरा, पातं धारदार आणि जेमतेम दिसेल एवढंच बाहेर. साच्यावरच्या रेघेकडून शेपटाकडे, नेहमी जाडीकडून बारीककडे मारा. उलट मारलं तर पातं लाकडाच्या रेषांखाली शिरतं आणि ढलपी उपटते. एक फेरी झाली की दांडी पाव वळसा फिरवा, चारही बाजू झाल्या की मधल्या कोपऱ्यांवर मारा. हळूहळू चौकोन, अष्टकोन, आणि मग जवळजवळ गोल. शेवटी पातं काहीच उचलेनासं होतं, साल निघायची थांबते. तीच थांबायची खूण. ही फळी स्वतःच ‘पुरे’ म्हणते, म्हणून मला ती एवढी प्रिय आहे. उरलेले कोपरे काढायला सपाट ठोकळ्याच्या मधोमध १२० नंबरचा, मग २२० नंबरचा कागद चिकटवा, कडा रिकाम्या ठेवा आणि तो ठोकळाही त्याच रुळांवरून फिरवा.

तपासायला अॅल्युमिनियमच्या पट्टीत ८.५ मि.मी.चं एक भोक पाडा. दांडी शेपटाकडून त्यात घातली की ती साधारण १६ सें.मी.वर अडली पाहिजे. भोक किंचित मोठं पडलं तर १६ च्या जागी १८ येईल, हरकत नाही. सगळ्या दांड्या एकाच जागी अडताहेत ना, एवढंच बघा. हे भोक मला व्हर्नियरपेक्षा जास्त उपयोगी वाटतं, कारण व्हर्नियर एका जागेची एका बाजूची जाडी सांगतो, भोक सगळ्या बाजू एकदम बघतं.

दांड्या निवडताना मात्र हयगय नको. लाकडाच्या रेषा टोकापासून शेपटापर्यंत सलग जाणाऱ्याच घ्या. मधेच बाजूनं बाहेर निघालेली रेष म्हणजे पुढे फुटण्याची जागा. गाठ असेल तर दांडी सोडूनच द्या. उतार द्यायच्या आधी ताठपणा मोजून जोड्या लावा : ६६ सें.मी. अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवून मधोमध २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम लटकवा. किती इंच लवली ते मोजा आणि २६ ला त्या आकड्यानं भागा. १३ मि.मी., म्हणजे अर्ध्या इंचाहून जरा जास्त लवली, तर ती दांडी साधारण ५० पौंडी धनुष्याला साजेशा ताठपणाची. उतार दिल्यावर पुन्हा मोजलंत तर आकडा फारसा हलणार नाही, कारण भार मधोमध असतो आणि तुम्ही लाकूड काढलंय टेकूजवळचं. म्हणून उतार दिला की नाही, बरोबर दिला की नाही, याचा निवाडा या मोजणीवर करू नका.

प्रत्येक बाण सोडण्याआधी हलकेच वाकवा आणि कानाशी धरून करकर येते का ऐका. तडकलेला लाकडी बाण सुटताना मोडला तर तुकडा सरळ धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. शंका आली तर मोडून टाका, ठेवून देऊ नका. ठेवलेला बाण कोणीतरी उचलतोच.

प्रश्न : लोखंडी टोक बसवायला पुढे आणि नॉक, म्हणजे दोरी अडकवायची खाच असलेलं टोपण, बसवायला मागे जो लहान उतार लागतो, तोही याच फळीवर होईल का? दोन्हींचे कोन सारखेच असतात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. प्रचलित टोकांच्या आतला उतार ५ अंशांचा आणि प्लॅस्टिकच्या नॉकचा ११ अंशांचा असतो. यासाठी पेन्सिलीला टोक करायच्या यंत्रासारखं छोटं अवजार मिळतं, आणि हे मात्र विकत घेण्याजोगं आहे, महाग नसतं. बेंच सँडर, म्हणजे पॉलिश पेपरची फिरती चकती असलेलं यंत्र, असेल तर त्याच्या टेबलावर चकतीच्या पृष्ठभागाशी ५ आणि ११ अंशांच्या दोन खोबणी असलेली फळी स्क्रूनं बसवा. दांडी खोबणीत घालून चकतीवर टेकवा आणि बोटांनी सावकाश फिरवत राहा. मागे अडसर ठेवा, नाहीतर प्रत्येक बाणाची लांबी वेगळी होईल.

हा उतार मधोमध नसेल तर टोक तिरकं बसतं, आणि तिरक्या टोकाच्या बाणाला कितीही चांगली पिसं लावा, तो डुलतच जातो. टोक बसवून बाण हाताच्या नखांवर फिरवून पाहा; टोकाची अणी स्थिर दिसली पाहिजे, तिनं वर्तुळ काढता कामा नये. नॉक चिकटवताना खाच लाकडाच्या रेषांना काटकोनात येऊ द्या. खाच रेषांच्या दिशेनं आली तर दोरीचा धक्का शेपूट उभं चिरतो. बाणाच्या वरच्या अंगाला दिसणाऱ्या रेषांची टोकं निशाणाकडे असू द्यात, म्हणजे बाण मोडलाच तर फूट हातापासून दूर, वर जाते.

प्रश्न : आमच्याकडे बांबूचे बाण करतात. त्यांनाही रंधा मारून शेपूट निमुळतं करावं का?
– एक वाचक, गडचिरोली

उत्तर : कृपया नको. बांबूची ताकद त्याच्या सालीजवळच्या दाट धाग्यांत असते. ती साल रंधलीत तर बाण पोकळ भुसभुशीत राहतो. बांबू मुळात बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळता होतच जातो. जाड, बुंध्याकडची बाजू टोकाला आणि शेंड्याकडची नॉकला ठेवा, तयार उतार मिळतो. रंध्याचं काम फक्त पेरांवर, तेही उंचवटे खाली बसतील एवढंच. बांबू नीट वाळल्यावर निखाऱ्यावर शेकून सरळ करा, शेकताना सतत फिरवत ठेवा, आणि गरम असताना वाकवलेला भाग थंड होईपर्यंत हातात तसाच धरून ठेवा.