न लावलेली फुलं कुंडीत येतात कुठून?

प्रश्न : कुंडीत फक्त पिटुनिया होता. माती उकरून घरचं कंपोस्ट घातल्यावर त्यात पोर्तुलाका आणि तेरडा उगवला. बी आलं कुठून?

उत्तर : पोर्तुलाकाचं बी बहुधा मातीतच पडून असणार. ते धुळीसारखं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. खोल गाडलं गेलं की निजून राहतं; खुरप्यानं माती वरखाली केली की वर येतं आणि ओल मिळताच रुजतं. तेरड्याची गोष्ट वेगळी. त्याचं पिकलेलं बोंड जरासा धक्का लागला तरी तडकतं आणि बी शेजारच्या कुंडीत उडतं.

तिसरा संशयित कंपोस्ट. ढीग मधोमध ५५-६० अंश सेल्सिअस तापला तरी कडा थंडच राहतात. तो उलथापालथ केला नाही, तर कडेचं बी जिवंत राहून थेट कुंडीत येतं. बी धरलेली झाडं ढिगात टाकूच नयेत.

प्रश्न : अशी रोपं ठेवावीत की उपटावीत?

उत्तर : पहिली दोन पानं बीजदलं असतात, त्यांवरून ओळख पटत नाही. खरी चार पानं येईपर्यंत थांबा. हलवायचं तर आधी पाणी द्या, संध्याकाळी चमच्यानं मातीच्या गड्ड्यासकट उचला. रोप पानाला धरा, देठाला नको. देठ चिरडला की रोप गेलंच. दोन दिवस सावलीत ठेवा. संकरित पिटुनियाच्या पडलेल्या बियांतून मात्र मूळ रंगाची खात्री नाही. आंबुशी हे तण दिसलं तर थांबू नका. तिच्या पेरापेराला मुळं फुटतात, म्हणून शेंगा धरण्याआधीच मुळासकट काढा.

प्रश्न : मोठ्या लाल गुलाबाला अचानक लहान, फिकी फुलं येऊ लागली. असं का?

उत्तर : ती फुलं बहुधा खुंटाच्या, म्हणजे ज्या गुलाबावर कलम बांधलेलं असतं त्याच्या, फुटव्याची आहेत. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, जागेच्या खालून फांदी निघाली असेल तर फुलं खुंटाचीच येणार. पाच पानांचा गुलाब कलमी आणि सात पानांचा रानटी, या समजावर विसंबू नका. फांदी कुठून निघाली ते पाहा. माती बाजूला करून फुटवा उगमापाशी खाली ओढून उपटा. कात्रीनं कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून आणखी फुटवे येतात.