इन्सुलेशन भरलेल्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवताना

प्रश्न : आमचं घर इंग्लंडमध्ये, लीड्सला आहे. बाहेरची भिंत विटांची, दुहेरी. मधल्या पोकळीत इन्सुलेशन, म्हणजे घराची उष्णता टिकवणारा भराव. बाथरूममध्ये बुरशी धरते म्हणून एक्झॉस्ट पंखा लावायचाय. भोक पाडल्याने इन्सुलेशनचं नुकसान होईल का?

उत्तर : भोकाने फारसं बिघडत नाही, पाइप अर्धवट घातला की बिघडतं. पंखा आतल्या विटेत बसवून बाहेर नुसती जाळी लावली, तर दमट हवा पोकळीत शिरते. थंडीत तिथेच तिचं पाणी होतं, इन्सुलेशन भिजतं आणि नवी ओल धरते. म्हणून आतल्या प्लास्टरपासून बाहेरच्या विटेपर्यंत एकच अखंड, कडक पाइप हवा. घडीचा लवचिक पाइप नको. त्याच्या वळ्यांत पाणी साचतं आणि हवाही अडते.

१०० मिमीच्या पंख्यासाठी ११७ मिमीचा डायमंड कोअर कटर (ड्रिलला लावायचं, गोल भोक कापणारं पोकळ नळीसारखं पातं) घ्या. ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवा, ड्रिलला क्लच (कटर अडकला तर जोर सोडून देणारी सोय) असलाच पाहिजे. आधी लांब बिटने आरपार भोक पाडा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. मग कोअर कटर अर्धा आतून, अर्धा बाहेरून मारा. एकाच बाजूने मारलात तर पलीकडच्या विटेचे टवके उडतात.

पोकळी लागली की थांबा. आत मिनरल वूल (दगड किंवा काचेच्या तंतूंचा लोकरीसारखा भराव) असेल तर ते फिरत्या कटरला गुंडाळलं जातं, ते सुरीने हाताने कापून काढा. थर्माकोलचे सुटे मणी असतील तर भोकातून ओघळू लागतात. लगेच चिंधीचा बोळा कोंबा आणि पाइप हाताशी ठेवूनच पुढचं काम करा. मणी बरेच गळले तर वरची भिंत तेवढी उघडी पडते.

पाइपभोवतीची फट कमी फुगणाऱ्या फोमने भरा; साधा फोम पाइप दाबून टाकू शकतो. बाहेरची कड सिलिकॉनने बंद करा, झडपेची जाळी लावा, नाहीतर वारा उलटा आत येतो.

पंखा सेकंदाला किमान १५ लिटर हवा ओढणारा आणि टायमरचा घ्या. आंघोळीनंतर १५ मिनिटं चालू द्या. पंखा टबाच्या वर, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीच्या आत किंवा टबाच्या बाजूला ६० सेंमीच्या आत येत असेल, तर किमान आयपीएक्स ४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण) दर्जा लागतो. या भागातलं वायरिंग नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. दाराखाली १० मिमी फट हवीच. हवा आत आली नाही, तर पंखा नुसताच घरघरतो.