पुदिन्यावरचा मावा आणि फवारणीचे खत

प्रश्न : गच्चीवरील कुंड्यांत कोथिंबीर, पुदिना आणि तुळस लावली आहे. पाने पिवळी दिसू लागल्यापासून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत दर चार दिवसांनी फवारते. तरीही पुदिन्यावर मावा ही बारीक कीड आली. खताचे प्रमाण वाढवावे की कीटकनाशक आणावे?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : तूर्त दोन्ही नको. या खतातील नत्र (नायट्रोजन) वारंवार मिळाल्याने शेंडे लुसलुशीत होतात आणि रस शोषणाऱ्या माव्याला नेमके तेच हवे असते. त्यामुळे पुदिन्यावरील माव्याला आपल्या खतानेच हातभार लावला असण्याचा संभव आहे. पानांतून मिळणारे अन्न हे पूरक असते, मुळांची जागा ते घेऊ शकत नाही. मावा गेल्यावर, गरज वाटलीच तर, लिटरला २ ग्रॅम खत पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे, हे आपण कळवलेले नाही. खालची जुनी पाने पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी पडते आहे आणि त्यावर कुंडीत चांगले कुजलेले शेणखत घालणेच श्रेयस्कर. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता समजावी; चुनखडीयुक्त मातीत ती नेहमी आढळते. अशा वेळी लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल मिसळून फवारावे.

माव्यासाठी पुदिना मातीपासून दोन बोटे उंचीवर सरळ छाटून टाकावा. तो पुन्हा फुटतो आणि निम्मे काम कात्रीनेच होते. नंतर ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, दुहेरी फडक्यातून गाळून, त्यात २ ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. साबणाशिवाय तुळशीच्या लवदार पानांवर थेंब मोत्यांसारखे उभे राहतात आणि घरंगळून जातात. अर्क त्याच दिवशी वापरावा. उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो, म्हणून फवारणी सायंकाळी आणि मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूने करावी, कारण मावा तिथेच दडतो. सात दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली तर मावा अजून आहे असे समजावे, कारण त्या त्याच्या चिकट गोड स्रावासाठी येतात.

कोथिंबीर आणि पुदिना आपण कच्चा खातो, तेव्हा गोमूत्र किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ इत्यादी आंबवून केलेले द्रवखत) पानांवर न फवारता मातीतच द्यावे, आणि तोडणी नेहमी फवारणीच्या आधी उरकून घ्यावी.