प्लास्टर निघाल्यानंतर : ज्येष्ठांच्या अस्थिभंगाविषयी वाचकांचे प्रश्न

ज्येष्ठांच्या मोडलेल्या हाडांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे उत्तरासाठी घेतली आहेत. यांतील बहुतेकांचे दुखणे एकच आहे : हाड जुळवले गेले, परंतु ते का मोडले याची चौकशी कोणीच केली नाही.

प्रश्न : माझी आई 74 वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरून तिचे डावे मनगट मोडले होते आणि सहा आठवडे प्लास्टर होते. आता न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडले व शस्त्रक्रिया करावी लागली. "वय झाले की हाडे ठिसूळ व्हायचीच," असे आम्हांला सांगण्यात आले. या दोन घटनांचा काही संबंध आहे का? (सातारा)

उत्तर : आहे, आणि तो निकटचा आहे. माणूस उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता चालता किंवा उभा असताना पडला आणि तेवढ्याने हाड मोडले, तर दोष केवळ ओल्या फरशीचा नसतो. हाड आधीच पोखरलेले असण्याची शक्यता मोठी असते. असा एक अस्थिभंग झालेल्या व्यक्तीला पुढचा होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, आणि तो पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. खुबा मोडून दाखल होणाऱ्या रुग्णांकडे नीट विचारपूस केली, तर जवळपास निम्म्या जणांचे काही ना काही आधी मोडलेले असते : मनगट, दंडाचे हाड किंवा मणका. मनगट मोडले तेव्हाच तुमच्या आईंच्या हाडांची तपासणी व्हायला हवी होती. वयाचे कारण खोटे नाही, पण ते अपुरे आहे, आणि त्याच्या आड उपचार राहून जातात.

तरीही वेळ गेलेली नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक आम्ल या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचे सलाइन वर्षातून एकदा देण्यास सुरुवात केली होती. ज्यांना ते औषध मिळाले त्यांच्यात नवे अस्थिभंग 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी आढळले. हेच औषध तुमच्या आईंना योग्य ठरेल असे मी न पाहता म्हणणार नाही, कारण मूत्रपिंडांचे काम मंदावले असेल तर ते देता येत नाही, आणि रक्तातले ड जीवनसत्त्व आधी भरून काढावे लागते. मात्र टाके काढायला जाल तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा : "हाड बसवले, आता हाडाच्या ठिसूळपणावर औषध कोणते आणि ते कधी सुरू करायचे?"

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, आईवडील नाशिकला असतात. आईचा मणका दबला आहे. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात, औषधाचे फिजिशियनना विचारा. फिजिशियन म्हणतात, हाडाचे आहे, तिकडेच विचारा. नेमकी जबाबदारी कोणाची?

उत्तर : तुमच्या पत्रातले हे वाक्य माझ्या टपालात दर आठवड्याला येते. कोणी हलगर्जी करतो असे नाही. एकाचे काम हाड जोडण्याचे, दुसऱ्याचे रक्तदाब आणि मधुमेह सांभाळण्याचे. ठिसूळपणा मधल्या फटीत पडतो.

ही फट बुजवण्यासाठी ग्लासगो शहरात 1999 च्या सुमारास एक साधी व्यवस्था सुरू झाली. खास प्रशिक्षण घेतलेली एक परिचारिका रोज प्लास्टर खोलीची आणि वॉर्डाची यादी चाळते आणि पन्नाशी उलटलेल्या, किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या प्रत्येकाला स्वतःहून गाठते. हाडांच्या घनतेची चाचणी आणि रक्ततपासण्या तीच ठरवते, औषधाचा सल्ला लिहून घरच्या डॉक्टरांना पत्र धाडते, आणि काही महिन्यांनी फोन करून औषध चालू आहे की कपाटात पडले आहे याची चौकशी करते. यात नवे यंत्र नाही की नवा शोध नाही. एका व्यक्तीच्या हाती सगळे धागे असतात, इतकेच. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस (म्हणजे हाडांचा ठिसूळपणा) प्रतिष्ठानाने 2012 पासून अशा सेवांचा जगभर पुरस्कार चालवला आहे. आपल्याकडे अशी सोय थोड्याच रुग्णालयांत आहे; ती नसेल तेथे हे काम घरातल्याच कोणाला तरी अंगावर घ्यावे लागते, आणि तुमच्या बाबतीत ते दुरूनही जमण्यासारखे आहे.

प्रथम एकच डॉक्टर मुख्य म्हणून ठरवा. ते अस्थिरोगतज्ज्ञ असोत, अंतःस्राव विकारतज्ज्ञ असोत की फिजिशियन. आईंना रिक्षाने सहज जाता येईल आणि "हो, हाडांचे मी बघतो" असे जे स्पष्ट म्हणतील, ते नामांकित पण दूरच्या तज्ज्ञांपेक्षा बरे. दुसरे, फाइलच्या वरच एक कागद लावा : कोणते हाड, कोणत्या तारखेला, कसे पडल्यावर मोडले; घनता चाचणीचा आकडा; सुरू असलेली सगळी औषधे, झोपेच्या गोळीसकट; आणि हाडांच्या औषधाची पुढची तारीख. त्याचा फोटो तुमच्या, बहिणीच्या आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. माझ्याकडे एक आजोबा पत्नीची अशी चिठ्ठी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणत. तिच्यातली एकही तारीख कधी चुकली नाही.

प्रश्न : माझी डेक्सा (हाडांच्या घनतेची) चाचणी केली, टी-स्कोअर उणे 1.9 आला. अहवालात "ऑस्टिओपोरोसिस नाही" असे लिहिले आहे. पण सहा महिन्यांपूर्वी पायरी चुकून माझा खुबा मोडला होता. मग औषध घ्यायचे की नाही? (डोंबिवली, वय 69)

उत्तर : घ्यायला हवे, असे माझे मत आहे. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत तुमच्या हाडांची घनता. तो उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचे, ही सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या अहवालातून आली. ती निदानाच्या सोयीसाठी आखलेली आहे. त्या रेषेच्या अलीकडे हाडे मोडतच नाहीत, असा तिचा अर्थ नाही. किंबहुना निम्म्याहून अधिक अस्थिभंग याच अलीकडच्या लोकांत होतात, कारण त्यांची संख्या मोठी. किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडणे हेच ठिसूळपणाचे निदान होय, मग यंत्र काहीही म्हणो. शिवाय उतारवयात कंबरेच्या मणक्यांना झीज आणि हाडवाढ झालेली असते, तीही घनतेत मोजली जाते आणि आकडा फसवा चांगला येतो. म्हणून खुब्याचा आकडा वेगळा पाहावा.

चाचणीइतक्याच रक्ततपासण्या महत्त्वाच्या आहेत. कॅल्शियम, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, रक्तगणना आणि गरजेप्रमाणे प्रथिनांची तपासणी यांतून कधी पॅराथायरॉइडचा (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचा) विकार, तर क्वचित मज्जेचा कर्करोग उघडकीस येतो, आणि तेव्हा उपचारांची दिशाच बदलते.

प्रश्न : सासूबाई आठवड्याची गोळी घेत होत्या. छातीत जळजळ होऊ लागली आणि कोणीतरी "या गोळीने जबड्याचे हाड सडते" असे सांगितले, म्हणून बंद केली. नंतर दर सहा महिन्यांचे इंजेक्शन सुरू झाले, पण गावी गेल्यामुळे ते तीन महिने लांबले आहे. काही बिघडते का? (कोल्हापूर)

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते तातडीचे आहे. सहा महिन्यांचे इंजेक्शन म्हणजे बहुधा डेनोसुमॅब. त्याचा परिणाम ओसरला की हाडांची झीज उसळी मारून परत येते, आणि काही रुग्णांचे एकापाठोपाठ एक असे अनेक मणके दबतात. या आठवड्यातच डॉक्टरांना गाठा. यापुढे तारीख सातव्या महिन्यापलीकडे जाऊ देऊ नका, आणि औषध कधी थांबवायचे ठरलेच तर त्याच्या पाठोपाठ दुसरे औषध देण्याची योजना डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. हे इंजेक्शन सुरू करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे. ती सांगितली जात नाही, याची मला चीड आहे.

आता गोळी. आठवड्याची गोळी म्हणजे बहुधा अ‍ॅलेंड्रोनेट. ती सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे-प्यायचेही नाही. आपल्याकडे गाडे चहापाशी अडते. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "गोळी चहाबरोबरच घेते, पोट रिकामं कुठं ठेवू?" त्यांनी वर्षभर गोळी घेतली, आणि तिचा बहुतेक अंश वाया गेला. जळजळ होण्याचे एक कारण गोळी घेऊन पुन्हा पलंगावर टेकणे हेही असते. पथ्य पाळूनही त्रास होत असेल, तर वर्षातून एकदाचे सलाइन हा मार्ग असतो. पहिल्या वेळी दोनतीन दिवस अंगदुखी व ताप येऊ शकतो, तो पॅरासिटामॉलने आटोक्यात राहतो.

जबड्याची भीती पूर्णपणे निराधार नाही. परंतु तो विकार मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांत, खूप मोठ्या व वारंवार दिलेल्या मात्रांनंतर दिसतो. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो अतिशय विरळ आहे. दात काढायचे असतील तर औषधाआधी काढून घ्यावेत आणि दंतवैद्यांना औषधाचे नाव सांगावे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्याच्या मांडीत किंवा जांघेत सतत दुखू लागले तर एक्स-रे काढावा, कारण क्वचित मांडीच्या हाडाला वेगळ्या प्रकारची चीर जाते. गोळी पाच वर्षे आणि सलाइन तीन वर्षे झाल्यावर पुढे चालू ठेवायचे की विश्रांती द्यायची याचा फेरविचार होतो. पण तो डॉक्टरांनी करायचा असतो. शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी बंद करणे म्हणजे फेरविचार नव्हे.

प्रश्न : वडिलांचा (वय 78) मणका दबला. पुरुषांनाही हा आजार होतो का? ते दोन वर्षांपासून दर आठवड्याला ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी दुधातून घेतात. (नागपूर)

उत्तर : होतो. दम्यासाठी घेतलेली स्टेरॉइडे, मद्य, तंबाखू आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावरील हार्मोनची इंजेक्शने ही पुरुषांतली नेहमीची कारणे आहेत, आणि खुबा मोडल्यानंतर दगावण्याचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त आहे.

पुडी मात्र थांबवून आधी रक्तातील कॅल्शियम व ड जीवनसत्त्व तपासा. आठवड्याची पुडी सहसा आठेक आठवड्यांसाठी असते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, आणि अति झाले की तहान, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण असे त्रास होतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षाला एकदम पाच लाख युनिटे दिली, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले. पुडी ही ठिसूळपणाची मुख्य औषधयोजना नव्हे. कॅल्शियम शक्यतो ताटातून मिळवावे : दूध, दही, तीळ आणि नाचणी, जिच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गोळी लागलीच तर जेवणाबरोबर घ्यावी, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे.

प्रश्न : खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आई पुन्हा पडेल या भीतीने खोलीबाहेर येत नाही. आम्हीही तिला उठू देत नाही. चुकते आहे का? (पणजी)

उत्तर : प्रेमापोटी होते आहे, पण चुकते आहे. बसून राहिल्याने मांड्यांची ताकद काही आठवड्यांतच उतरते, आणि मग आई उठतील तेव्हा पडण्याची शक्यता वाढलेली असेल. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी पायावर किती भार द्यायचा ते सांगितले असेलच. त्या मर्यादेत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रोज चालणे आणि हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा सराव सुरू करा.

त्याबरोबर पडण्याची कारणे शोधा. झोपेची गोळी, रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या, रात्री लघवीसाठी उठायला लावणारे औषध यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि आडवे असताना व उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. उंची मोजून लिहून ठेवा. माझ्या एका रुग्णबाईंना फडताळातला साखरेचा डबा हाताला येईना, म्हणून त्यांनी फळी खाली घेतली होती. प्रत्यक्षात फळी उंच झालेली नव्हती, त्यांचे दोन मणके न कळत दबले होते.

घरात एक फेरी आईंच्या वॉकरच्या उंचीवरून मारा : न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी, दाराशी सरकणारे पायपुसणे, उंबरठा, मधल्या खोलीतून गेलेली वायर, घसरणारी रबरी सपाता. संडासाजवळ आणि नळाशी भिंतीत घट्ट बसवलेला दांडा हवा. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा जळत राहू द्या. पहिल्या दिवशी दारापर्यंतच जा, दुसऱ्या दिवशी व्हरांड्यापर्यंत, आणि त्यांचा हात तुम्ही धरू नका. तुमचा हात त्यांना धरू द्या.