पीयूसीएल नेमकं काय करते? तिच्या राजस्थान शाखेचा आपल्या खानदेशाशी काय संबंध?

पीयूसीएल म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी संघटना. हा पक्ष आहे की एनजीओ, आणि राजस्थानातल्या लोकांनी आपल्यासाठी काय केलं, असं तुम्ही विचारलंय. मी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, म्हणून तांदळापासूनच सुरू करतो.

१९९५ साली केंद्राची पोषण आहार योजना आली. नावात आहार, पण आम्ही वाटायचो कोरडा तांदूळ. ज्याची हजेरी ८० टक्के, त्याला महिन्याला ३ किलो. वाटपाच्या दिवशी ओट्यावर तराजू मांडायचा आणि पोरांपेक्षा आईबापांचीच रांग मोठी. दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला गुजरातेत जायची, पोरंही सोबत. हजेरी पडली की तांदूळ बंद. म्हणजे ज्या घराची चूल सगळ्यात थंड, नेमकं तेच घर यादीबाहेर! दोन-चार नावांपुढे मी हजेरी जरा सढळ हाताने लावली. आता निवृत्त आहे म्हणून लिहितो. बरं, घरी गेलेला तांदूळ सगळ्या घराचा, त्यातला पोराच्या ताटात किती पडायचा ते देवाला ठाऊक.

तिकडे राजस्थानात दुष्काळ पडला होता. लोक उपाशी आणि जयपूरजवळची अन्न महामंडळाची गोदामं भरलेली. एप्रिल २००१ मध्ये पीयूसीएलच्या राजस्थान शाखेने सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. म्हणणं साधं होतं: घटनेच्या २१व्या कलमात जगण्याचा हक्क आहे, मग धान्य पडून असताना माणूस भुकेने कसा मरतो? प्रकरण राजस्थानपुरतं राहिलं नाही, सगळ्या राज्यांना उत्तर द्यावं लागलं.

२८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने अंतरिम आदेश दिला. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण, रोज किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. कोरडं धान्य वाटणाऱ्या राज्यांनी तीन महिन्यांत निम्म्या जिल्ह्यांत चूल पेटवायची, तीही गरीब जिल्हे आधी धरून. उरलेल्यांना आणखी तीन महिने.

मुदत काही पाळली गेली नाही. आमच्याकडे उशिराच सुरू झालं. शाळेमागे तीन दगडांची चूल, ओली लाकडं, धुराने पहिलीचा वर्ग खोकायचा. हिशेब, चव घेणं, रजिस्टर हे सगळं मास्तरांच्या गळ्यात आलं, त्याबद्दल मी तेव्हा यथेच्छ शिव्या दिल्यात. पण सकाळी दप्तर टेकवायच्या आधी पोरं विचारायची, "गुरुजी, आज खिचडी शे का?" शनिवारी दुपारी गायब होणारी पोरंसुद्धा थांबायला लागली.

आता संस्थेबद्दल. १९७६ साली, आणीबाणीत, जयप्रकाश नारायणांनी ती उभी केली. तेव्हा नाव लांबलचक होतं, 'नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्क' असं दोन्ही त्यात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की आणीबाणीत बेकायदा डांबलं तरी कोर्टात दाद मागता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. १९७७ ला सरकार बदललं आणि संस्था सुस्तावली. १९८० मध्ये नव्याने बांधणी होऊन आजचं नाव मिळालं, अध्यक्ष झाले व्ही. एम. तारकुंडे. ते आपले सासवडचे, मुंबई हायकोर्टातले माजी न्यायमूर्ती.

पक्ष नाही, आणि प्रकल्प चालवणारी एनजीओही नाही. सदस्यांच्या वर्गणीवर चालते. कोठडीत मृत्यू झाला, पोलिसांच्या चकमकीत कुणी मारलं गेलं, दंगल झाली की माणसं जाऊन चौकशी करतात, अहवाल छापतात, गरज पडली तर कोर्टात जातात. फोन टॅपिंगवर नियम आले ते १९९६ च्या त्यांच्याच प्रकरणात. चकमकींच्या तपासाची सूत्रं २०१४ ची, त्यात तर समोर महाराष्ट्र सरकारच होतं. पोलिसांची बाजू घेणाऱ्यांना ही मंडळी आवडत नाहीत, हे ओघाने आलंच. तुमच्या शेताच्या बांधाचा वाद मात्र त्यांच्याकडे नेऊ नका, त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे.

कोरोनात शाळा बंद झाल्या आणि पुन्हा कोरडा तांदूळ वाटला गेला. शेजारच्या चौथीतल्या पोरीने पिशवी दारात ठेवली आणि मला म्हणाली, "गुरुजी, यात मीठमिरची नाही."